ल्यूव्हेनचें तळघर आणि ओर्व्हालचा झरा

या लेखाचा विषय घरीं केलेली बीअर हा आहे, हें कळतांच आमच्या वाचकांपैकीं वडीलधारी मंडळी पान उलटण्याचा संभव आहे. त्यांस विनंति एवढीच कीं, थोडें थांबावें. आमच्या घरांत आजवर बाटली शिरली ती द्राक्षासवाची किंवा गुलाबपाण्याची. आणि पुढें वर्णिलेल्या पेयाचा वास आम्हीं पोटभर घेतला असला, तरी घोट घेतलेला नाहीं. परंतु ज्या घरीं आम्हीं सहा आठवडे काढले, त्या घरांत त्या वेळीं एकच चिंता होती, आणि ती साठ बाटल्यांची होती. विरजण न लागल्याची किंवा पीठ न फुगल्याची काळजी ज्यांनीं जन्मभर वाहिली आहे, त्या आमच्या भगिनीवर्गास तरी ती चिंता परकी वाटूं नये.

२०२४ सालच्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही उभयतां बेल्जममधील ल्यूव्हेन या गांवीं उतरलों. आमचा पुतण्या तेथील विद्यापीठांत संशोधन करितो. ब्रुसेल्सहून आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंत येथें येतां येतें. विद्यापीठाची स्थापना १४२५ सालची. म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य नांदत होतें तेव्हांची. गांव लहान, पण त्यानें सोसलें फार. १९१४ च्या ऑगस्टांत जर्मन सैन्यानें विद्यापीठाचें ग्रंथालय जाळलें. पुढें अमेरिकेंतील लोकांच्या वर्गण्यांतून नवी इमारत उभी राहिली, तीहि १९४० च्या मे महिन्यांत आगींत सांपडली. आज दिसते ती त्या दुसऱ्या आगींतून सांवरलेली. नगरभवन तर शेंकडों दगडी पुतळ्यांनीं असें मढविलेलें आहे कीं, भिंत कोठें आहे हें शोधावें लागतें. पण सकाळीं फिरावयास निघालें म्हणजे या सगळ्यांच्या आधीं जाणवतो तो गांवाचा वास. भाजलेल्या सातूच्या पिठांत गरम पाणी ओतावें, तसा कांहींसा. येथें बीअरचा एक प्रचंड कारखाना आहे, व त्याच्या मूळ ब्रूअरीचा उल्लेख १३६६ सालच्या कागदांत सांपडतो.

पुतण्या राहतो तें घर विटांचें, अरुंद व तीन मजल्यांचें. खालीं घरमालक, त्यांची पत्नी व मुलगी. मधल्या मजल्यावर मालकांचे वडील. आणि सर्वांत वर, उतरत्या छपराखालीं, आमचा पुतण्या. तीन पिढ्या एका दारानें ये-जा करितात असें घर त्या देशांत विरळा, म्हणून आम्हांस तेथें पहिल्या दिवसापासूनच घरच्यासारखें वाटलें. मालक रेल्वेंतून नुकतेच निवृत्त झालेले. वडील शहाऐंशी वर्षांचे. दृष्टि जवळ जवळ गेलेली, कान मात्र तल्लख. त्यांस सारें घर ‘ओपा’ म्हणतें; त्या बाजूच्या भाषेंत ओपा म्हणजे आजोबा. पुतण्याहि तसेंच म्हणतो, आणि दोन दिवसांत आम्हीहि म्हणूं लागलों.

मुलीचें लग्न जूनच्या पहिल्या शनिवारीं ठरलें होतें. त्या कुटुंबाची रीत अशी कीं, लग्नाची बीअर घरीं करावयाची. ओपांनीं ती धाकट्या बहिणीच्या लग्नांत केली, मुलाच्या लग्नांत केली, आणि त्या प्रत्येक वेळचें टिपण एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहींत ठेविलें. नातीच्या लग्नाची मात्र डोळ्यांअभावीं त्यांस करतां येईना; तेव्हां मुलानें वही हातांत घेतली. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यान्वयें परवान्यावांचून घरीं मद्य करणें हा गुन्हा आहे. बेल्जममध्यें घरच्या उपयोगापुरतें करण्यास आडकाठी नाहीं. गंमत अशी कीं, आपला कौटिल्य या बाबतींत बेल्जमच्या बाजूचा निघतो. अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत गृहस्थांस कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मोकळीक त्यानें दिली आहे. हें आम्हीं यजमानांस सांगितलें, तेव्हां त्यांनीं त्या ग्रंथाचें नांव कागदावर लिहून घेतलें.

तळघरास दगडी पायऱ्या आहेत, व एप्रिलांतहि तेथें उष्णतामापकाचा पारा बारा अंशांच्या वर चढत नव्हता. देवघरांत शिरावें तशा बेतानें यजमान तेथें शिरत. जोडे काढीत नसत एवढेंच. एका भिंतीशीं लांकडी खोक्यांत साठ बाटल्या, प्रत्येकी एक तृतीयांश लिटरची, जाड तपकिरी कांचेची. वीस लिटरांचा एक घाणा.

ही बीअर होते कशी, तें यजमानांनीं सांगितलें तसें थोडक्यांत देतों. आपण नाचणीचें सत्त्व करतांना तिला मोड आणतों, तसे जवांस मोड आणून वाळवितात व भाजतात. ते भरडून सुमारें पासष्ट अंशांच्या पाण्यांत तास-दीड तास ठेविले म्हणजे त्यांतील पिठाची साखर बनते. तें गोड पाणी गाळून हॉप नांवाच्या वेलीच्या कडू बोंडांसह उकळतात, निववितात, व त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतील किण्व. तें साखर खातें, व तिचें निम्मेंशिम्मं मद्य व निम्मा वायु करून टाकतें. वायु उडून जातो. एक-दोन आठवड्यांत उकळी शमते, व भांड्यांत राहते ती सपाट, निर्जीव दिसणारी बीअर. कारखान्यांत ती गाळून स्वच्छ करितात व सोडावॉटराप्रमाणें तींत बाहेरून वायु भरितात.

घरगुती रीत निराळी आहे, आणि आमच्या लेखाचें सारें मर्म तींत आहे. सपाट बीअरींत दर लिटरला सातआठ ग्रॅम साखर मिसळून ती बाटल्यांत भरावयाची व पत्र्याचें टोपण घट्ट दाबून बसवावयाचें. बीअरींत थोडें यीस्ट तरंगत राहिलेलें असतेंच. तें या नव्या साखरेवर पुन्हां जागें होतें. या वेळीं मात्र वायूस बाहेर पडावयास वाट नसते. तो बीअरींतच मुरतो. दोनतीन आठवड्यांत बाटलींतील दाब मोटारीच्या टायराएवढा होतो. म्हणूनच कांच जाड लागते, व म्हणूनच साखर सोनाराच्या तराजूनें तोलावी लागते. हात सैल सुटला तर बाटली फुटते, व ती बंदुकीच्या बाराप्रमाणें फुटते. इतक्या साखरेनें मद्याचें प्रमाण वाढतें तें फार तर अर्धा टक्का. पण पेल्यांतला फेंस, जिभेवरची चुणचुण आणि पेयाचें टिकाऊपण हीं सारीं या दुसऱ्या आंबण्यानें येतात. बाटलींत उरलासुरला प्राणवायु यीस्ट स्वतः वापरून टाकतें, त्यामुळें अशी बीअर वर्षानुवर्षें राहते.

आतां यजमानांची बीअर साधी नव्हती. लग्नाची म्हणून ती दहा टक्क्यांची, म्हणजे नेहमींच्या बीअरीच्या दुप्पट कडक. बेल्जममध्यें असल्या कडक बीअरी फार. १९१९ सालीं, व्हांदरव्हेल्दे या मंत्र्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें, तेथील गुत्त्यांतून गाळीव दारू देण्यास बंदी झाली, आणि कडक पेयाची संवय असलेल्या गिऱ्हाइकांसाठीं ब्रूअरीवाल्यांनीं बीअर कडक केली, असें सांगतात. कायदा १९८० नंतरच्या दशकांत उठला, बीअरी राहिल्या. पण कडकपणांत एक गोम असते. मद्य हा यीस्टचा स्वतःचाच मळ, आणि तोच त्याचें विष. सहा टक्क्यांपर्यंत तें मजेंत असतें. दहा टक्क्यांच्या पाण्यांत त्याची धुगधुगी उरते. त्या थकलेल्या जीवास आणखी एकदां कामाला लावावयाचें, हें अशा बीअरीच्या भरणींतलें खरें संकट.

मार्चच्या आरंभीं बाटल्या भरल्या होत्या. पंधरा दिवसांनीं एक उघडली, आवाज नाहीं. आम्ही पोंचलों त्याच आठवड्यांत दुसरी उघडावयाची ठरली, आणि पाहुणे म्हणून आम्हांसहि बोलाविलें. तळघराच्या तोंडाशीं खुर्ची टाकून ओपा बसले होते. त्यांस दिसत नाहीं. ते ऐकावयास आले होते. नीट जमलेली बाटली उघडतांना ‘फस्स’ असा आवाज व्हावयास पाहिजे. यजमानांनीं चावी लावली. टोपण निघालें, आणि आवाज झाला तो फक्त टोपण फरशीवर पडल्याचा. पेल्यांत कोऱ्या चहाच्या रंगाचें पेय पडलें, फेंसाचा एक बुडबुडा नाहीं. यजमानांनीं चाखून पाहिलें. गोड. घातलेली साखर जशीच्या तशी. ओपा कांहीं बोलले नाहींत. काठी चांचपून उठले व मुलाच्या खांद्यावर हात ठेवून वर गेले.

शेजारी एक अनुभवी गृहस्थ होते. ते म्हणाले, थोडी साखर आणखी घाला. यजमानांनीं त्यांचें ऐकलें नाहीं, हें फार चांगलें झालें. साखर बाटलींत होतीच. खाणारा झोंपला होता. तो पुढें कधीं उन्हाळ्यांत जागा झाला असता, तर दुप्पट साखरेवर त्यानें सारें तळघर उडविलें असतें. तेव्हां पहिला उपाय ठरला तो ऊब देण्याचा. घरांत सर्वांत उबदार जागा म्हणजे छपराखालची आमची खोली. पाणी तापविण्याचें यंत्र तिच्या भिंतीपलीकडेच आहे. झालें! खोकीं वर आलीं. बाटल्या एकेक उलटी करून पुन्हां सुलटी केली, म्हणजे तळाशीं बसलेलें यीस्ट वर यावें. मग वर जाड घोंगड्या पसरल्या. घोंगड्या उबेसाठीं, तशा कांचेपासून आमच्या रक्षणासाठींहि होत्या, हें यजमानांनीं हंसत सांगितलें. आमच्या सौभाग्यवती हंसल्या नाहींत. त्यांनीं आपली खाट दुसऱ्या भिंतीशीं नेली. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनींच पुतण्याकरवीं यजमानीणबाईंस सांगितलें कीं, आमच्याकडे वैद्य लोक अरिष्टाचें मडकें तोंड लिंपून धान्याच्या राशींत पुरून ठेवितात, तें ऊब सारखी रहावी म्हणून. आणि त्यांत धायटीचीं फुलें टाकतात, कारण किण्व त्या फुलांबरोबर येतें. यजमानीणबाईंनीं विचारलें, मग मडकें फुटत नाहीं काय? सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आमचा वायु मातींतून वाट काढतो, तुमचा कांचेंत कोंडलेला आहे.’’

दोन आठवडे वाट पहावयाची होती. यजमान दिवसांतून चार वेळां जिना चढून यावयाचे व घोंगडीखालीं हात घालून बाटल्या चांचपावयाचे. शेवटीं एका सकाळीं तेच म्हणाले, ‘‘मी घरीं राहिलों तर एखादी उघडीन. चला, ओपांना ओर्व्हालला नेऊं. तुम्हांसहि पाहून होईल.’’

ओर्व्हाल हा देशाच्या दक्षिण टोंकाचा मठ. फ्रान्सची हद्द तेथून अगदीं हांकेच्या अंतरावर. ल्यूव्हेनहून मोटारीनें दोन तासांचा रस्ता. नामुरच्या आधींच भाषा बदलून फ्रेंच होते; नामुर येथें म्यूज नदी ओलांडली कीं सपाट शेतें संपतात, आणि पुढें आर्देनचें जंगल सुरू होतें. एप्रिल संपत आला होता व बीचच्या झाडांस कोंवळी पालवी फुटली होती. तिच्यांतून गाळून येणारा उजेड इतका हिरवा होता कीं ओपांनींदेखील विचारलें, ‘‘जंगल लागलें ना?’’

मठाची कथा ऐकून आम्ही चकित झालों. सुमारें १०७० सालीं इटलींतून आलेल्या साधूंनीं येथें वस्ती केली. त्या वेळीं टस्कनीची काउंटेस माटिल्डा या झऱ्याशीं बसली असतां तिची लग्नाची आंगठी पाण्यांत पडली. तिनें प्रार्थना करितांच एक ट्राउट मासा तोंडांत आंगठी धरून वर आला. ‘ही तर सोन्याची दरी!’ असें ती उद्गारली, आणि दरीस तें नांव पडलें. आजहि बीअरच्या बाटलीवर तोंडांत आंगठी धरलेला मासा आहे. आमच्या वाचकांस शाकुंतल आठवल्यावांचून राहणार नाहीं. तेथें शचीतीर्थांत पडलेली आंगठी रोहित माशाच्या पोटांतून निघाली, कोळ्याच्या हातीं लागली, राजपुरुषांचा मार त्यास खावा लागला, व एवढें सारें होईपर्यंत शकुंतलेच्या आयुष्याची वर्षें गेलीं. येथला मासा तत्पर. आम्हीं ही गोष्ट मोटारींतच ओपांस सांगितली. पुतण्या वाक्यागणिक भाषांतर करीत होता. त्यांनीं एकच प्रश्न केला: ‘‘राजाला आठवलें तेव्हां ती त्याला लगेच मिळाली काय?’’ नाहीं, असें आम्हीं सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते.

मूळ मठ १७९३ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्यानें जाळला. जुन्या देवळाचें भग्नावशेष आहेत, तेथें आम्ही पुष्कळ वेळ रेंगाळलों. छप्पर नाहीं, फरशीच्या जागीं गवत, वाटोळ्या खिडकीच्या दगडी पाकळ्या तेवढ्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर शाबूत. शेजारीं औषधी वनस्पतींचा बाग आहे, व माटिल्डेचा झरा आहे. पाणी इतकें निवळ कीं तळचीं नाणीं मोजतां यावीं. ओपांनीं काठी माझ्या पुतण्याच्या हातीं दिली, वांकून बोटें पाण्यांत बुडविलीं, व तीं कपाळास लावलीं. आपल्याकडे कोणीहि वृद्ध मनुष्य नदीकांठीं असेंच करितो.

नवा मठ १९२६ पासून बांधला गेला व देऊळ १९४८ सालीं पुरें झालें. बांधकामास पैसा हवा, म्हणून १९३१ सालीं मठांत ब्रूअरी निघाली. वास्तुशिल्पी हेन्री व्हाएस यानेंच मठाचा आराखडा, बीअरचा पेला व तिची कमरेशीं बारीक बाटली हीं सारीं काढलीं. साधूंनीं मद्य करावें हें आपल्या मनास रुचत नाहीं, तें आमच्याहि रुचलें नाहीं. परंतु या ट्रॅपिस्ट पंथाचा नियम असा कीं, आपल्या हातच्या श्रमावर जगावें. बीअर मठाच्या आवारांत, साधूंच्या देखरेखीखालीं व्हावी. आणि उत्पन्न मठाच्या खर्चास व दानधर्मास लागावें. बेल्जममध्यें असे पांच मठ सध्यां बीअर करितात. वेस्टमाल येथील ‘ट्रिपल’ साडेनऊ टक्क्यांची, रोशफोर येथील ‘दहा’ क्रमांकाची ११·३ टक्क्यांची. ओर्व्हालची त्या मानानें सौम्य, ६·२ टक्के.

ब्रूअरी वर्षांतून अगदीं थोडे दिवस पाहूं देतात. त्यामुळें ती आम्हांस बाहेरूनच पाहावी लागली. पण दाराजवळच्या ‘रक्षक देवदूत’ नांवाच्या खाणावळींत बसलें म्हणजे तिच्याविषयीं कळावयाचें तें कळतें. येथें बाटलींत साखरेबरोबर ताजें यीस्ट घालतात, व बाटल्या कांहीं आठवडे पंधरा अंशांच्या सुमारास ठेवून मग विकावयास काढतात. शिवाय ब्रेटॅनोमायसीस नांवाचें दुसरें एक रानटी यीस्ट त्यांत असतें. डेन्मार्कमधील क्लाउसेन या शास्त्रज्ञानें १९०४ सालीं तें इंग्लंडांतील मुरविलेल्या बीअरींत ओळखलें. साध्या यीस्टला जी साखर पचत नाहीं, ती हें पचवितें, आणि महिनोन् महिने सावकाश काम करितें. म्हणून बाटलीवर भरण्याची तारीख छापलेली असते. कोंवळ्या बाटलीस हॉपचा कडवट ताजा वास, वर्षाच्या बाटलीस चामड्याचा व वाळल्या गवताचा. यजमानांनीं दोन्ही मागविल्या, व आम्हीं दोन्हींचा वास घेतला. फरक एखाद्या कैरीच्या व मुरलेल्या लोणच्याच्या फोडींत असतो तितका आहे. आम्हीं स्वतः सफरचंदाचा रस घेतला. त्याबद्दल कोणी राग मानला नाहीं.

तेथेंच तें निघालें. ‘‘इथें ताजें यीस्ट घालतात,’’ असें यजमान दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हां ओपांनीं पेला खालीं ठेविला. ‘‘माझ्या वहींत तें नाहीं,’’ ते म्हणाले. ‘‘मला कधीं लागलें नाहीं. मी तीन आठवड्यांनीं भरीत असें.’’ मग थोड्या वेळानें: ‘‘तूं किती दिवसांनीं भरलीस?’’

यजमान वास्तविक साठीचे गृहस्थ. पण त्या क्षणीं ते दहा वर्षांच्या मुलासारखे टेबलाकडे पाहूं लागले. त्यांनीं आक्टोबरांत केलेली बीअर मार्चपर्यंत, पांच महिने, थंड तळघरांत मोठ्या भांड्यांत मुरवीत ठेविली होती. कडक बीअर अशी मुरविली म्हणजे अधिक गोल व शांत होते, असें त्यांनीं वाचलें होतें, आणि तें खरेंहि आहे. परंतु पांच महिन्यांत यीस्टचा बहुतेक अंश तळाशीं बसला व गाळाबरोबर गेला. वर राहिलें तें उपाशी व मद्यानें गलितगात्र. पांच महिने मुरविल्यास भरतेवेळीं ताजें यीस्ट घालावें लागतें. पुस्तकाची अर्धी गोष्ट व वहीची अर्धी गोष्ट एकत्र केली होती. वडिलांस सांगितलें नव्हतें, कारण वडिलांपेक्षां चांगली करून दाखवावयाची होती.

हें सर्व पुतण्यानें आम्हांस मागाहून सांगितलें. त्या वेळीं आम्हांस दिसलें तें एवढेंच कीं, मुलगा खालीं मान घालून कांहीं बोलत आहे, व बाप हंसूं लागला आहे. तो इतका हंसला कीं शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहूं लागले. ओपांनींहि म्हणे १९६२ सालीं बहिणीच्या लग्नाच्या वेळीं चुलत्याच्या कृतींत असाच फरक केला होता, व अकरा बाटल्या फुटल्या होत्या. वहींत त्याचाहि उल्लेख नाहीं.

परत आल्यावर वरच्या खोलींतली तिसरी बाटली उघडली. किंचित् सुस्कारा, बस्स. मे महिना लागला होता. मग एका रविवारीं सारें घर कामास लागलें. दोन ग्रॅम वाळलेलें यीस्ट कोमट पाण्यांत भिजविलें. कोरडेंच टाकलें असतें तर अर्धवट वायु धरलेली बीअर कारंज्यासारखी उसळली असती. मुलगी एकेक टोपण काढी, तिची आई औषधाच्या थेंबनळीनें मोजून यीस्ट घाली, यजमान लगेच नवें टोपण ठेवून दांड्याच्या यंत्रानें दाबीत. सत्तावन्न बाटल्या. सगळीं हत्यारें आधीं उकळून घेतलेलीं, कारण नको तो जीव आंत शिरला तर सारें आंबट व्हावयाचें. सौभाग्यवतींनीं हात धुवून बाटल्या पुसण्याचें काम घेतलें. ‘‘दारूच्या बाटल्या पुसल्या, हें घरीं सांगूं नका,’’ असें त्या आम्हांस म्हणाल्या. तें आम्ही येथें छापून मोकळे होत आहों. ओपा मध्यभागीं बसून दांडा दाबल्याचा आवाज ऐकत होते, आणि तीनचार वेळां त्यांनीं ‘‘पुन्हां’’ म्हटलें.

आमचें निघणें २२ मे रोजीं होतें. आदल्या संध्याकाळीं, सोळाव्या दिवशीं, एक बाटली ओपांच्या खुर्चीशीं नेली. या वेळीं चावी त्यांनीं स्वतः मागून घेतली. फस्स! पेल्यांत बदामी फेंस चढला व कांठाशीं थांबला. मुलीनें टाळ्या पिटल्या. ओपांनीं हात वर करून तिला थांबविलें व दुसरी बाटली मागितली. एकीवरून कांहीं ठरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. दुसरीचा आवाज पहिलीच्या निम्मा होता. यजमानांचा चेहरा उतरला. ओपांनीं पेला कानाशीं धरून बुडबुडे ऐकले, व म्हणाले, ‘‘अजून दहा दिवस आहेत. दार लावून घ्या आणि तिकडे कोणी जाऊं नका.’’ त्या रात्रीं खोलींत झोंपणारे आम्ही दोघे असल्यामुळें हा हुकूम आम्हांस लागू नव्हता.

लग्नानंतर पुतण्याचें पत्र आलें. पंचावन्न बाटल्यांपैकीं एकावन्न नीट निघाल्या. चार सपाट होत्या. त्यांचीं टोपणें कडेनें सुटलीं होतीं. त्या यजमानीणबाईंनीं स्वयंपाकांत वापरावयास ठेविल्या, कारण तिकडे मांसाच्या रश्श्यांत बीअर घालण्याची पद्धत आहे. त्यांतील एक ओपांनीं जेवणाच्या वेळीं मागून घेतली. निळ्या वहींत आतां यजमानांच्या अक्षरांत नवें पान आहे. त्यावर पांच महिन्यांची व ताज्या यीस्टची नोंद आहे. आणि त्याखालीं, ओपांनीं सांगितलेली व नातीनें लिहून घेतलेली, १९६२ सालच्या अकरा बाटल्यांची.